चुलीची सुट्टी

एका धडधाकट गृहस्थांना मी भर दिवसा मेलेलं ठरवलं होतं. गल्ली गोळा केली होती, हंबरडा फोडला होता, त्यांच्या सासूबाईंना निरोपसुद्धा धाडला होता. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले आणि माझ्यावर कधी रागावले नाहीत. उलट कुणाशी माझी ओळख करून देताना म्हणायचे, "ह्या पुणेकर बाई. ह्यांनी मजला एकदा पोचवलं आहे."

ते आमचे कुंभकोणमचे घरमालक. आमच्या ह्यांची विम्याच्या कचेरीत तिकडे बदली झाली, तेव्हा माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, कडेवर तीन वर्षांचा मुलगा होता आणि डोक्यात पुण्याचा ताठा होता. मला तमिळचा एक शब्द येत नव्हता, ह्यांना कामापुरतं येत होतं. मराठी बोलणारं घर भाड्यानं मिळालं म्हणून मी देव पाण्यातून काढले. पण घरमालक पहिल्याच दिवशी ओट्यावर उभे राहून म्हणाले, "प्रवास सुखरूप जाहला की? बहुत दमला असाल. मोर घ्या." मी मोराकडे बघायला मान वळवली, तर त्यांच्या थोरल्या मुलीनं ताकाचा पेला पुढे केला. ह्या लोकांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले ते तिथलेच झाले. घरात बोलत ती मराठी माझ्या पणजीच्याही आधीची, आणि तिच्यात तमिळ शब्द बिनधास्त येऊन बसलेले. मी हसले की ते गंभीरपणे विचारत, "का हो, पुण्यास आता असं बोलत नाहीत?"

उंच, काटकुळे, कपाळाला गंध, आणि खांद्यावर पंचा. पंचा सतत ओला असे, कारण त्या पंच्यानंच ते हात पुसत, भांडी उतरवत आणि रुक्कूचं नाकही पुसत. रुक्कू म्हणजे धाकटी, सहा वर्षांची. तिच्यावर दोन मुलगे आणि सर्वांत थोरली चौदा वर्षांची मुलगी. रुक्कू पाळण्यात होती तेव्हाच बायको गेलेली. मालक पापनाशमला तालुका कचेरीत कारकून होते. सकाळची गाडी पकडायची आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचं. दुसरं लग्न करा म्हणून सांगणाऱ्यांना ते विचारत, "तिला स्वयंपाक शिकवायास वेळ कोणास आहे?"

स्वयंपाक ते स्वतः करायचे आणि मुलांना शिकवायचे. पाचाच्या सुमारास भिंतीपलीकडून पाट्या-वरवंट्याचा आवाज सुरू झाला की मी कूस बदलायची. साडेसहाला त्यांची चारही मुलं न्हाऊन, पानं मांडून बसलेली असत. माझं एकुलतं एक पोर त्या वेळी अंथरुणात लोळत असे आणि मी स्टोव्हच्या पिना शोधत असे.

जेवणाचा त्यांचा एक नियम होता. पानात तीनच गोष्टी हव्यात. एक शिजलेलं, एक भिजलेलं, एक हिरवं. शिजलेलं म्हणजे भात, नाचणीची आंबील नाही तर पिठलं. भिजलेलं म्हणजे मूग, हरभरे, पोहे, किंवा रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, तो सकाळी ताक आणि लहान कांदे घालून. हिरवं म्हणजे शेवग्याचा पाला, काकडी, कढीलिंबाची चटणी, जे परसात हाताला लागेल ते. गाडीला निघताना ते छत्री काखेत मारून दारातून ओरडत, "शिजलं?" चार पोरं आतून ओरडत, "शिजलं!" "भिजलं?" "भिजलं!" "हिरवं?" ह्या प्रश्नाला मात्र दोघांतला धाकटा मुलगा गप्प बसायचा. मग छत्री दाराला टेकवून मालक परत आत जात आणि तो चटणी गिळेपर्यंत त्याच्यासमोर उभे राहत. गाडी त्यांना सोडून गेल्याचं मी कधी पाहिलं नाही, पण स्टेशनच्या दिशेनं धोतर सावरत पळताना अर्ध्या गावानं त्यांना रोज पाहिलं असेल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉफीचं हॉटेल होतं. त्या गावात कॉफी न पिणारा माणूस म्हणजे पुण्यात चहा न पिणारा. मालक संध्याकाळी हॉटेलासमोर थांबत, डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेत आणि पुढे चालू लागत. एकदा मी विचारलंच. म्हणाले, "वास नाकास कळतो. नाकाचं काम जाहलं. पोटास त्यातलं काही कळत नाही, मग त्याला कशाला त्रास?" पोटाबद्दल ते नेहमी असं बोलत. पोट म्हणजे घरातला एखादा भोळा म्हातारा, त्याला फसवू नये. "आत काय आलं ते पोटानं ओळखलं पाहिजे," हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या मुलासाठी मी पुण्याहून डब्यातली पौष्टिक पावडर आणली होती. ती त्यांनी तळहातावर घेऊन हुंगली, चाटली, आणि डबा अदबीनं परत दिला. "हे मजलाच ओळखू आलं नाही," म्हणाले.

मला राग आला. राग येण्याचं खरं कारण वेगळंच होतं. माझा मुलगा माझ्याकडे चार घास खाऊन तोंड फिरवायचा आणि त्यांच्या पंगतीत रुक्कूच्या मांडीला मांडी लावून वाटीभर आंबील ओरपायचा. कुठल्या आईला हे गोड लागेल?

पण सगळ्यांत विचित्र होतं ते त्यांचं घड्याळ. स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं, गाणं होतं. विठ्ठलाला जेवायला बोलावण्याचं एक लांबलचक गाणं, बायकोच्या माहेरचं. पहिल्या कडव्यात विठ्ठल पाय धुतो, दुसऱ्यात पाटावर बसतो, तिसऱ्यात विचारतो की आज काय केलंस, आणि असं अकरा कडवी चालतं. पिठल्याला चार कडवी. भाताला पूर्ण गाणं. तांदूळ आणि मुगाच्या डाळीची पातळ पेज, जिला ते कंजी म्हणत, तिला गाणं दोनदा. आणि तिसरं कडवं संपलं की थांबून दोनदा खोकायचं.

होय, खोकायचं. थोरली खोकायची, मुलगे खोकायचे, मालक स्वतः खोकायचे आणि चौथं कडवं सुरू करायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घरात साथ आहे. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "बिऱ्हाड बदलूया." मग एकदा भिंतीपलीकडून मालकांचा आवाज आला, "रुक्कू, खोकली नाहीस. पुन्हा तिसऱ्यापासून." मी हसून हसून खाली बसले. पुण्याला आईला पत्र लिहिलं त्यात दोन पानं ह्या खोकल्यावरच खर्ची घातली.

आता तो रविवार. आम्हाला येऊन सहाच दिवस झाले होते, तिथला आमचा पहिलाच रविवार. नवाचा सुमार, आणि शेजारच्या स्वयंपाकघरातून धूर नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या घरात कुणी गेलं तिथे चूल पेटत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत. परसातून डोकावले तर चूल सारवलेली, थंड, आणि तिच्यावर एक जास्वंदीचं फूल. माजघरात मालक जमिनीवर उताणे, अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर. भोवती तीन मुलं गप्प बसलेली. थोरली विहिरीवर.

मी कशाला विचारते! मी जी किंकाळी फोडली ती ऐकून गल्ली धावत आली. मला रडताना बघून रुक्कू रडायला लागली, तिला बघून मुलगे. त्या गर्दीत एक गृहस्थ तंजावरच्या गाडीला निघालेले होते. त्यांना मीच हात जोडून, खाणाखुणा करून, ह्यांच्याकडून तमिळमध्ये सांगवलं, की तिकडे मालकांच्या सासूबाई आहेत, त्यांना कळवा. ते बिचारे डोळे पुसत स्टेशनकडे पळाले. तेवढ्यात समोरच्या घरच्या म्हाताऱ्या अम्मा काठी टेकत आल्या, त्यांनी उंबरठ्याकडे बोट दाखवलं आणि तमिळमध्ये काहीतरी फटकारलं. ह्यांचा चेहरा पडला. "त्या म्हणताहेत, दारात कोलम काढलेलं आहे." तिकडे रोज पहाटे दारात पिठाची रांगोळी घालतात, आणि घरात कुणी गेलं असेल तर घालत नाहीत. ते कोलम ओलांडूनच मी आत आले होते.

चादर हलली. मालक उठून बसले, कानातले कापसाचे बोळे काढले, एवढी माणसं पाहिली आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

आठवड्यातून एकदा ते असे झोपत. चादर माश्यांसाठी, बोळे पोरांच्या गडबडीसाठी, आणि मुलं गप्प बसली होती ती बाप एक दिवस झोपतो म्हणून. रविवारी त्यांच्या घरी चुलीला सुट्टी असे. आदल्या दिवशीच मूग भिजत पडत, रविवारी सगळे भिजलेलं आणि हिरवं खात. आमचे हे त्या निरोप्याला थांबवायला स्टेशनवर धावले, पण गाडी सुटली होती.

दुपारी तीनला सासूबाई आल्या. टांग्यातून उतरतानाच छाती पिटत होत्या. मालक ओट्यावर बसून काकडी खात होते. त्यांना पाहून बाई जागच्या जागी बसल्या. मी पाया पडले, चूक कबूल केली, त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाणी प्यायला आत गेल्या आणि त्यांची नजर चुलीवर गेली.

"चूल का पेटली नाही?"

"आज आदितवार, आत्याबाई. सुट्टी."

"चुलीस सुट्टी?" त्या म्हाताऱ्या बाईचा आवाज असा चढला की पुन्हा गल्ली दारात आली. "नांदत्या घरात चूल विझवून बसता? माझ्या लेकीच्या घरात? हे अभद्र कोणी शिकवलं तुम्हांस? खोटी वार्ता उगीच नाही आली. मी आठ दिवस राहते. बघते. आणि जाताना रुक्कूस घेऊन जाते."

मालकांच्या हातातली काकडी तशीच राहिली. मोठमोठ्या साहेबांपुढे न दबणारा तो माणूस एवढंच म्हणाला, "राहा. बघा." मी कोपऱ्यात उभी होते. माझ्या एका किंकाळीनं त्या माणसाची मुलगी जाणार होती. आयुष्यात इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

सासूबाईंनी आठवडाभर कडक तपासणी केली. तळण नाही, गोडाचं नाही, पोरी स्वतः वरवंटा ओढतात, मुलगे भांडी घासतात, सगळ्यात खोट निघाली. मालक जसे वागत तसेच वागले. फक्त सकाळी दारातून "हिरवं?" विचारताना आवाज बारीक येऊ लागला. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही त्यांना समजावून सांगा ना, सुट्टी का ते." ते म्हणाले, "सांगायासारखं नाही, बाई. लाजेची गोष्ट आहे." मला वाटलं, विक्षिप्तपणाला कारण कसलं असणार?

शनिवारी सकाळी रुक्कूची पेटी भरून माजघरात ठेवली गेली. रविवारच्या गाडीनं निघायचं. आणि शनिवारीच सासूबाईंचं पोट बिघडलं. आठवडाभर बिनतळलेलं खाऊन कंटाळलेल्या बाईंनी शुक्रवारी संध्याकाळी देवळाच्या वाटेवर गुपचूप पुडाभर भजी खाल्ली होती. हे मला समोरच्या अम्मांनी डोळे मिचकावून सांगितलं. मालक कचेरीत, मोठी तिघं शाळेत. बाई माजघरात पेटीशेजारी भिंतीला टेकून कण्हत होत्या. मी म्हटलं, "मी काहीतरी करून आणते." रुक्कू म्हणाली, "होणार नाही तुम्हांस. तुम्हांला गाणं येत नाही."

तिनं पाटावर पाट ठेवून त्यावर चढून करवंटी काढली, त्या करवंटीनं तांदूळ मापले, अर्धी करवंटी डाळ, चिमूटभर सुंठ. मी फक्त जाळ घातला आणि जड भांडं चढवलं. ती चुलीसमोर मांडी घालून बसली आणि गाऊ लागली. विठ्ठलानं पाय धुतले. विठ्ठल पाटावर बसला. विठ्ठलानं विचारलं, आज काय केलंस. रुक्कूनं वाकून लाकूड पुढे सारलं, मान जराशी डावीकडे वळवली, दोनदा खोकली आणि चौथं कडवं सुरू केलं.

माजघरातलं कण्हणं थांबलं. सासूबाई भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, खोकला जाहला तुला?"

"नाही अज्जी. इथं खोकायचं असतं."

"कोणी सांगितलं?"

"अप्पांनी. नाही खोकलं तर डाळ दाताखाली येते."

बाई दारातच खाली बसल्या. मला काहीच कळेना. मग त्या माझ्याकडे न बघता, जणू चुलीलाच सांगितल्यासारख्या बोलू लागल्या. लेकीला त्यांनीच हे गाणं शिकवलं होतं, तंजावरच्या चुलीसमोर. तिसऱ्या कडव्याशी लाकडं विझत येतात, पुढे सारावी लागतात, धूर उठतो. दहा वर्षांची पोर तिथं मान वळवून दोनदा खोकायची. लग्न होऊन इथं आली तरी खोकायची, पुढे पुढे फार खोकायची. "हिनं तिला पाहिलंही नाही," त्या म्हणाल्या. "मान पण तिकडेच वळवते."

बायको गेल्यावर त्या माणसाला स्वयंपाक येत नव्हता. येत होतं ते एवढंच, की आतून रोज हे गाणं ऐकू येई आणि ते संपलं की पान वाढलं जाई. जसं ऐकलं होतं तसं त्यानं पोरांना शिकवलं. खोकल्यासकट. खोकला गाळला तर गाणं लवकर संपायचं आणि डाळ कच्ची राहायची, हे अगदी खरं होतं. मी ज्यावर दोन पानं हसले होते ते हे.

रुक्कूनं गाणं दुसऱ्यांदा म्हटलं, पुन्हा खोकली, आणि वाटीत कंजी ओतून आजीपुढे ठेवली. बाई ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

संध्याकाळी मालक आले. पेटी दिसताच चपला काढायच्या विसरले. सासूबाईंनी विचारलं, "चुलीची सुट्टी कोणाची?"

ते बराच वेळ पंचा पिळत राहिले. मग म्हणाले, "तिचीच. सर्वांस आदितवारी सुट्टी, मजला दुप्पट काम, असं म्हणायची. एक आदितवार चूल नको, भिजलेलं खाऊ, म्हणायची. मी म्हणायचो, पुढल्या आदितवारी. सात वर्षं म्हणालो." पंचा खांद्यावर टाकून ते म्हणाले, "आता देतो. दर आठवड्यास देतो."

बाई उठल्या, पेटीचं झाकण उघडलं आणि रुक्कूचे परकर एकेक करून खुंटीवर अडकवले. दुसऱ्या दिवशी रविवारी थंड चुलीवर फूल त्यांनी स्वतः ठेवलं, भिजलेले मूग खाल्ले, मिठाला दोन नावं ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं एकट्याच गेल्या. टांग्यात चढताना जावयाला म्हणाल्या, "मूग थोडे अधिक भिजवा. माझे दात राहिले नाहीत. मी येत जाईन."

त्यानंतर आम्ही तिथं तीन वर्षं होतो. डब्यातली पावडर मी परसातल्या अळूला घातली. अळूनं ती ओळखली नाही. गाणं मी शिकले, ताल चुकला की भिंतीपलीकडून "पुन्हा तिसऱ्यापासून, बाई!" ऐकत शिकले. पुण्याला परत आल्यावर स्टोव्ह गेला, गॅस आला, धूर राहिला नाही. तरी घरात कुणाला ताप आला की मी कंजी चढवते आणि तिसऱ्या कडव्यानंतर दोनदा खोकते. सूनबाई आतून पाणी घेऊन येते. मी म्हणते, "नको ग, अजून आठ कडवी आहेत."

खूप वर्षांनी एका बुधवारी रुक्कूचं पोस्टकार्ड आलं. अप्पा गेले, एवढंच. खरं सांगते, मी आधी हसले. म्हटलं, त्यांना एकदा मारून झालंय माझं, आता फसणार नाही. उठून चादर बाजूला करतील आणि कानातले बोळे काढतील. कार्ड पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, दारात कोलम घातलेलं नाही.

आदल्या दिवशी मी मूग भिजवले होते, सहज. ते निथळले, काकडी चिरली. गॅसची शेगडी पुसली आणि तिच्यावर एक जास्वंदीचं फूल ठेवलं. दुपारी हे जेवायला आले. ती थंड शेगडी आणि पानातले मूग बघून ह्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?" ह्यांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "आज चुलीला सुट्टी आहे."